काचेच्या कपाटातला दुष्काळ

चैत्र संपत आला की मला राग येतो. असं म्हटलं की लोक हसतात आणि पन्हं प्या म्हणून सांगतात. त्यांना वाटतं, उन्हाने माणूस चिडचिडा होतो. पण उन्हाशी माझं भांडण नाही. कडुलिंबाला मोहर येतो, भर दुपारी रस्ता ओस पडतो, एखादी वावटळ उठते आणि कागदाचे कपटे फिरवत नेते, हे सगळं मला अजून आवडतं. माझा राग एका ठरावीक उन्हाळ्यावर आहे. बहात्तरचा पावसाळा कोरडा गेला, त्यानंतरचा तो उन्हाळा. त्याला आता पन्नास वर्षं उलटून गेली. एवढ्या काळात राग निवायला हवा होता, असं माझी बहीण म्हणते. मला तसं वाटत नाही. काही राग निवू देणं म्हणजे समोरच्याला मोकळं सोडणं.

परवा सावेडीत, मी आता राहते त्या गल्लीत पाण्याचा टँकर आला. मागच्या नळातून पाणी गळत होतं, डांबरावर ओली रेघ उमटत होती आणि उमटता उमटता सुकत होती. मी गॅलरीत उभी होते. हातातला कप मी कठड्यावर इतक्या जोरात आपटला की कान तुटला.

त्या उन्हाळ्यात मी याच जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका तालुक्याच्या गावी वाचनालयात बिनपगारी मदतनीस होते. मॅट्रिक झालेली, लग्न न ठरलेली, त्यामुळे घरच्यांनी तात्पुरती पाठवलेली. वाचनालय म्हणजे दगडी जोत्यावरची एक लांब खोली. आत डिंकाचा आणि डांबराच्या गोळ्यांचा वास. दाराशी पाण्याचा रांजण. आणि दारातून आत शिरल्यावर समोरच एक काचेचं कपाट, गावातल्या कुणा सावकाराने देणगी दिलेलं. त्या कपाटात वाचनालयाच्या अध्यक्षांना मिळालेली मानपत्रं, एक चांदीची करंडी आणि ते चालवत त्या साखर कारखान्याचे जाडजूड अहवाल ठेवलेले असत.

अध्यक्षांचं नाव मी लिहीत नाही. ते पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं आहे, दगडावरसुद्धा.

ग्रंथपाल होते कुलथेसर. शाळेतून निवृत्त झालेले, सावकाश बोलणारे, हातात नेहमी फडकं. पुस्तकावरची धूळ ते अशी टिपायचे की जणू तापातल्या पोराचं कपाळ पुसताहेत. मी लागल्यावर पहिल्याच महिन्यात त्यांनी मला विचारलं, "बायका पुस्तकं का नेत नाहीत गं? नेतात ती नवऱ्यासाठी नेतात."

मी म्हटलं, "त्यांना इथे बसायला कुणी सांगितलंय का कधी?"

बायकांचं वाचक मंडळ सुरू झालं ते त्या एका प्रश्नावरून. बाजारच्या दिवशी दुपारी जमायचं. महिन्याला एक पुस्तक ठरवायचं, एकीने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं आणि मग भांडायचं. डॉक्टरांच्या पत्नी प्रमिलाकाकू यायच्या, शाळेतल्या एकदोन बाई यायच्या आणि मेहरूनभाभी यायच्या. भाभींचे यजमान बाजारपेठेत शिंपीकाम करायचे, आणि भाभी काज-बटणाचं काम मांडीवर घेऊनच वाचन ऐकायच्या. सुई थांबली की समजायचं, मजकूर चांगला आहे.

कपाटाची कल्पना भाभींची. एके दिवशी त्या म्हणाल्या, "सर, ती करंडी रोज रोज काय बघायची? आमी जे वाचतो ते ठेवा की तिथं. लोकांना कळू दे."

सरांनी थोडा विचार केला, करंडी फडक्यात गुंडाळली आणि खालच्या कप्प्यात ठेवून दिली.

पहिलं पुस्तक होतं एका बाईने लिहिलेली स्वतःच्या आयुष्याची हकिगत. ते आम्ही मधोमध ठेवलं. मग त्याच्याशेजारी काय ठेवायचं यावरून वाद. प्रमिलाकाकू म्हणाल्या, बायकांनी लिहिलेली इतर पुस्तकं. भाभी म्हणाल्या, पुरुषांनी बायकांवर लिहिलेलीही ठेवा, म्हणजे फरक दिसेल. अडचण अशी की वाचनालयाची सगळी पुस्तकं एकाच खाकी पुठ्ठ्यात बांधलेली. काचेमागे ठेवली तर एकसारख्या विटा ठेवल्यासारखी दिसत. म्हणून मग प्रत्येक पुस्तकापुढे एक चिठ्ठी ठेवायचं ठरलं. ज्या बाईने वाचलं तिने एका ओळीत सांगायचं, मी शाईने लिहायचं. "हे वाचून मी आईला पत्र लिहिलं." "शेवट पटला नाही, तरी वाचा." अशा ओळी. आणि खरं सांगते, वर्षानुवर्षं हलली नव्हती ती पुस्तकं घरोघरी जायला लागली. कपाटात मोकळ्या जागा पडायच्या आणि त्या भरताना आम्हाला सण असल्यासारखं वाटायचं.

आता मोठ्या वाचनालयांत अशी टेबलं मांडलेली असतात. वाचक गटाने निवडलेलं पुस्तक मध्ये, त्याच्या नात्यागोत्यातली पुस्तकं भोवती. तरुण मुलं हौसेने मांडतात, मी कौतुकाने बघते. पण बघताना नजर आपोआप दाराकडे जाते. कोण येऊन उचलून ठेवायला सांगेल, असं अजून वाटतं.

सिंधू आली ती पाणी प्यायला. तेव्हा गावाबाहेर रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या शेकडो बायका होत्या. बाजारच्या दिवशी कामाला सुट्टी असायची. ती माझ्याच वयाची, सातवी शिकलेली, हाताला चिंध्या बांधलेल्या. रांजणातलं पाणी पिऊन ती कपाटासमोर उभी राहिली आणि चिठ्ठ्या वाचायला लागली, ओठ हलवत. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "हे कोनी लिवलंय?"

"वाचणाऱ्या बायकांनी."

"मंग आमाला बी बसाया मिळंल का? का पायरीवरनंच ऐकायचं?"

ती आत येऊन बसली. सभासद व्हायला जामीन लागायचा, कुलथेसर स्वतः जामीन राहिले. सिंधूला वाचायची भूक होती असं मी लिहिणार होते, पण त्या उन्हाळ्यात भूक हा शब्द असा वापरणं बरं नाही. तिला वाचायला आवडायचं, आणि ती जे वाचलं त्याला प्रश्न विचारायची.

फाल्गुनात विहिरींनी तळ दाखवला. गावातली जनावरं छावणीत गेली. घरोघरी रेशनची लाल मिलो आली, परदेशातून आलेली ती ज्वारी. तिची भाकरी थापताना चिरा पडायच्या आणि गार झाली की दाताखाली चामड्यासारखी लागायची. अशा वेळी मंडळात पुढचं पुस्तक कोणतं घ्यायचं ते सिंधूने ठरवलं. "दुष्काळाचं काय हाय का तुमच्यात?" सरांनी मागच्या खोलीतून एक जुनी कादंबरी काढून आणली, कुठल्याशा जुन्या दुष्काळावरची. आम्ही ती वाचायला घेतली. प्रमिलाकाकूंना मध्येच उठून बाहेर जावं लागलं. भाभींची सुई सबंध दुपार तशीच दोऱ्यासकट टोचून राहिली. वाचून झाल्यावर मी सिंधूला ओळ विचारली.

तिने वाचलेली पानं पुन्हा उलटून पाहिली. मग म्हणाली, "लिवा. ह्यातली भूक खरी हाय. पन भाकरी करनारी बाई कुटं दिसत न्हाई."

मी जशीच्या तशी लिहिली.

त्या वेळचं कपाट आम्ही फार मन लावून सजवलं. मधोमध ती कादंबरी. शेजारी विहिरी आणि बांधबंदिस्तीवरचं एक माहितीचं पुस्तक, रानभाज्यांवरची पुस्तिका, जुन्या काळच्या दुष्काळाच्या सरकारी हकिगतीचं भाषांतर. वर मोठ्या अक्षरात पाटी: 'दुष्काळ, तेव्हाचा आणि आत्ताचा'. सिंधूने पदराच्या गाठीतून मूठभर मिलो काढली आणि वाटीत घालून कादंबरीपुढे ठेवली. "आत्ताचा म्हनताय तर आत्ताचं काय तरी दिसाया नगं?"

त्या आठवड्यात वाचनालयात गर्दी झाली. ज्यांना वाचता येत नव्हतं ते वाटी बघून जायचे. एक म्हातारे गृहस्थ काचेला हात लावून उभे राहिले आणि निघून गेले.

आणि मग मंत्री येणार असं ठरलं. मुंबईहून येणार, दुष्काळी कामं बघणार, वाटेत वाचनालयाला भेट देणार. आदल्या आठवड्यात अध्यक्ष पाहणीला आले. पांढरेशुभ्र कपडे, अंगाला अत्तर. कपाटासमोर थांबले. पाटी वाचली, चिठ्ठी वाचली, वाटी बघितली.

"कुलथेसर, हा काय प्रकार आहे?"

"वाचक मंडळाची निवड आहे, साहेब."

"दुष्काळ नाही म्हणायचं. सरकारने टंचाई म्हटलंय. टंचाई लिहा."

मी तिथेच होते. म्हटलं, "साहेब, पुस्तकातच दुष्काळ म्हटलंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरांनाच म्हणाले, "आणि ही वाटी? सरकार पोटाला घालतंय आणि तुम्ही त्याची जत्रा मांडता? हे सगळं काढा. करंडी कुठाय? पुस्तकं माझ्या ऑफिसात पाठवून द्या. साहेब जाईपर्यंत राहू देत तिथे."

माणूस ओरडला असता तर बरं वाटलं असतं. ते ओरडले नाहीत. घरातला पसारा आवरायला सांगावा तसं त्यांनी दुष्काळ आवरायला सांगितला आणि चपला घालून निघून गेले. मी सरांवरच चिडले. "तुम्ही गप्प कसे बसलात?"

सर फडक्याने काच पुसत होते. म्हणाले, "पुस्तकं ऑफिसात पाठवायची तर ती वाचनालयात असायला हवीत ना? सभासदाने घरी नेलेलं पुस्तक मी कुठून पाठवू?"

मला समजायला क्षणभर वेळ लागला. मग मी पळतच भाभींकडे गेले.

संध्याकाळपर्यंत कपाटातलं प्रत्येक पुस्तक कुणा ना कुणा बाईच्या नावावर गेलं होतं. सर एकेक शिक्का शांतपणे मारत होते. कादंबरी सिंधूच्या नावावर. प्रमिलाकाकू मात्र आल्या नाहीत. निरोप आला, "आमच्या यांना अध्यक्षांकडे जावं लागतं, समजून घ्या." मी समजून घेतलं नाही. आजही घेत नाही. ज्यांना काहीच गमवावं लागणार नव्हतं अशा माणसांना समजून घेण्यात आपलं निम्मं आयुष्य जातं.

मंत्री यायचा दिवस बाजाराचाच होता. सकाळी मी वाचनालयाच्या पायऱ्यांवर उभी होते आणि समोरून कारखान्याचा टँकर आला. आमच्या आळीत तो कितीतरी दिवस फिरकला नव्हता. बायका घरातून भांडी घेऊन धावल्या. टँकर थांबला नाही. मागची तोटी उघडून तो सावकाश रस्त्याने चालला आणि रस्त्यावर पाणी सोडत गेला. साहेबांच्या मोटारीने धूळ उडू नये म्हणून.

बायका रिकाम्या कळश्या घेऊन रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या. तापलेल्या मातीवर पाणी पडलं आणि तो वास आला, ज्या वासावर लोक इतकं गोड लिहितात. मी नाकाला पदर लावला. एका म्हातारीने खाली वाकून ओल्या मातीवर तळवा टेकला आणि तोच डोळ्यांना लावला. हे मी पाहिलेलं आहे. कुणी मला राग निवू दे म्हटलं की मला तो तळवा दिसतो.

आम्ही पायऱ्यांवर बसलो. भाभी, शाळेतल्या बाई, सिंधू आणि तिने खडीवरून आणलेल्या आणखी काही जणी. ज्यांच्याकडे पुस्तकं होती त्यांनी ती उघडून समोर धरली, आणि प्रत्येकीने आपापली चिठ्ठी पुठ्ठ्याला टाचून ठेवली होती, बाहेरून वाचता येईल अशी. आत कपाटात करंडी झळकत होती. बाहेर पायऱ्यांवर दुष्काळ बसला होता.

मोटारी आल्या. मंत्री उतरले, हारांनी गळा भरलेला. अध्यक्ष पुढे झाले आणि आम्हाला बघून जागच्या जागी थबकले. त्यांचा चेहरा उतरला, तो क्षण मी आयुष्यभर जपला आहे. पण तो क्षणच होता.

मंत्री सिंधूसमोर थांबले. "काय वाचताय, ताई?"

"दुष्काळाचं पुस्तक, साहेब."

"वा! वा!" त्यांनी मागे वळून फोटोवाल्याला हाक मारली. "हे बघा. एवढ्या टंचाईत आपल्या भगिनी वाचताहेत! महाराष्ट्र असा आहे."

आणि अध्यक्ष सावरले. हसले. पुढे येऊन सिंधूच्या शेजारी उभे राहिले. "आपल्याच वाचनालयाचा उपक्रम आहे, साहेब. मुद्दाम सुरू केला."

सिंधू उठून उभी राहिली. "साहेब, ही पुस्तकं आत व्हती. ह्यांनी भाईर काढाया लावली. पानी बी..." तेवढ्यात बँड सुरू झाला. तिचं तोंड हलताना दिसत होतं आणि मंत्री मान डोलवत होते, हसत होते, जणू ती त्यांना आशीर्वादच देत होती. मग सगळे आत गेले आणि करंडी बघून आले.

पेपरात फोटो छापून आला. मध्ये अध्यक्ष, भोवती आम्ही. आम्ही त्यांच्यावर उगारलेली वस्तू त्यांनी आमच्याच हातून काढून घेऊन छातीवर लावली होती. मी तो पेपर चुलीत घातला. भाभी म्हणाल्या, "पेपर जाळून काय होणार? तो माणूस तर तिथंच बसलाय." भाभी कधी आवाज चढवायच्या नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी मांडीवरचं काम सुईसकट बाजूला फेकलं.

पुढच्या सोमवारी सिंधू कामावर गेली तर मुकादमाने तिला परत पाठवलं. कारण विचारलं तर म्हणाला, "वाचनालयात जा. तितं फोटो काढत्यात."

मी अध्यक्षांच्या घरी गेले. ते झोपाळ्यावर बसले होते. मी नमस्कार केला नाही. म्हटलं, "सिंधूला परत कामावर घ्यायला सांगा."

"कोण सिंधू?"

"तुमच्या फोटोत तुमच्या शेजारी उभी आहे ती."

त्यांनी झोपाळा थांबवला. "पोरी, तुझ्या वडलांना मी ओळखतो. चांगलं स्थळ बघायला सांग त्यांना. कामाचं मुकादम बघतो, मी त्यात पडत नाही."

"टँकरचं तुम्ही बघता, कपाटाचं तुम्ही बघता, आणि कामाचं तेवढं बघत नाही?"

त्यांनी आतल्या माणसाला हाक मारली आणि मला दारापर्यंत पोचवायला सांगितलं. चहासुद्धा देऊन पाठवा म्हणाले. त्या चहाचा मला मुकादमाच्या बोलण्याइतकाच राग आहे.

सिंधूला दुसरीकडे पाझर तलावाच्या कामावर जागा मिळाली, भाभींच्या भावाने खटपट केली म्हणून. पण ते काम लांब. पहाटे निघून चालत जायचं, अंधार पडता पडता परत. दगडाऐवजी आता डोक्यावर मातीची घमेली. तिथे सुट्टी आमच्या बाजारच्या दिवशी नसायची, म्हणून तिचं मंडळात येणं थांबलं. एकदा मी तलावावर गेले. जेवणाच्या सुट्टीत बायका बाभळीखाली बसून कामावर वाटलेली सरकारी सुकडी खात होत्या. सिंधूने मला बघितलं आणि पहिलं विचारलं, "आता कोनतं चालू हाय?"

मी म्हटलं, "काही नाही. अध्यक्षांनी कपाटाला कुलूप लावलंय."

तिने तोंडातला घास गिळला. "आन तुमी कुलूप बघत बसलाय?"

तिच्या आवाजात दया नव्हती, आणि मला तेच बरं वाटलं. मी गावात परतले आणि त्याच संध्याकाळी आम्ही ठरवलं की वार्षिक सभेला जायचं. सभासदाला सभेला बसता येतं, हे आजवर कुणा बाईला सुचलं नव्हतं.

सभा पावसाळ्याच्या तोंडावर झाली. सतरंजीवर एका बाजूला गावातली प्रतिष्ठित मंडळी, दुसऱ्या बाजूला आम्ही. सिंधू त्या दिवसाचं काम बुडवून आली होती. अध्यक्षांनी आमच्याकडे बघून विचारलं, "ही मंडळी कोण?"

"वाचनालयाचे सभासद," कुलथेसर म्हणाले.

"ही बाई?"

"मी वाचक हाय," सिंधू म्हणाली. "माज्या नावावर पुस्तक हाय."

भाभींनी उभं राहून मागणी केली. वाचक मंडळ चालू ठेवा, आणि कपाटात काय ठेवायचं ते मंडळाला ठरवू द्या. एवढीच. सिंधूने आणखी एक विचारलं, "आन माजं काम का काढलं, त्ये बी सांगा."

"हा विषय सभेपुढे नाही," अध्यक्ष म्हणाले.

मग त्यांनी ठराव वाचून दाखवला. कपाट समितीच्या परवानगीनेच वापरावं, आणि वाचक मंडळ तूर्त स्थगित करावं. हात वर करायला सांगितलं. समोरच्या बाजूचे हात एकामागून एक वर गेले. त्यात प्रमिलाकाकूंच्या यजमानांचा होता. त्यांनी आमच्याकडे न बघता तो वर केला. विरोधात आमचे हात. आणि आमच्या मागे कुलथेसरांचा, ज्यांना पगारी नोकर म्हणून मताचा अधिकारच नव्हता. तो कुणी मोजला नाही, पण त्यांनी तो सभा संपेपर्यंत खाली घेतला नाही.

मी उभी राहिले. माझा आवाज फाटला होता, मला आठवतं. म्हटलं, "माझा विरोध लिहून घ्या. नावासकट."

अध्यक्षांनी टोपी सारखी केली, कागद गोळा केले आणि उठता उठता म्हणाले, "त्याची काही गरज नाही."

गरज होती. म्हणून लिहिते आहे.